क्लस्टरमध्ये नवा होस्ट आला, जुनं स्टोरेज त्याला कसं द्यायचं?

साखर कारखान्याचा वजनकाटा, पतसंस्थेचं कोअर बँकिंग, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याची ईआरपी. सोलापुरात अशी कामं व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे व्हीएमवर चालवायची तर मांडणी साधारण ठरलेली असते. दोन सर्व्हर (यांनाच होस्ट म्हणतात, आणि त्यांच्या गटाला क्लस्टर), त्यांच्यावर व्हीएम चालवणारं व्हीएमवेअर किंवा प्रॉक्समॉक्स, आणि दोघांनाही जोडलेलं एक सामायिक स्टोरेज. काम वाढलं की तिसरा सर्व्हर घेतला जातो. तो रॅकमध्ये बसतो, सिस्टिम चढते, क्लस्टरच्या यादीत त्याचं नावही दिसायला लागतं, आणि तरीही एकही व्हीएम त्याच्यावर हलत नाही. व्हीएमची डिस्क ज्या स्टोरेजवर आहे, ते या नव्या होस्टला दिसतच नसतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. या कामात नव्या होस्टला असलेल्या स्टोरेजपर्यंत पोहोचवायचं असतं; स्टोरेज नव्याने तयार करायचं नसतं. न्यू डेटास्टोअर, क्रिएट, इनिशियलाइझ, फॉरमॅट यांपैकी एकही बटण इथे लागत नाही. तसं बटण दाबायची वेळ आली, तर मागच्या कुठल्यातरी पायरीवर चूक झाली आहे असं समजा आणि हात मागे घ्या. डेटा जाण्याचे सगळ्यात वाईट प्रकार इथेच घडतात. होस्टला लन, म्हणजे स्टोरेजने दिलेली डिस्क, दिसतं, पण डेटास्टोअर, म्हणजे तिच्यावरची व्हीएम ठेवायची जागा, दिसत नाही. मग कुणीतरी ‘डिस्क रिकामी दिसतेय’ असं म्हणून तिच्यावर नवं डेटास्टोअर बनवतो. डिस्क रिकामी नसते. बाकीच्या दोन होस्टच्या सगळ्या व्हीएम तिच्यावरच चालू असतात.

ब्लॉक आणि फाइल

सामायिक स्टोरेज दोन तऱ्हेने मिळतं. पहिली तऱ्हा ब्लॉकची, म्हणजे आयस्कझी किंवा फायबर चॅनल. स्टोरेज आपल्या डिस्कमधून एक भाग कापून होस्टला कोरी डिस्क म्हणून देतं. हेच लन. तिच्यावर फाइल सिस्टिम चालवायची जबाबदारी होस्टची. दुसरी तऱ्हा एनएफएसची. तिथे फाइल सिस्टिम स्टोरेजच सांभाळतं आणि होस्ट फक्त फोल्डर माउंट करतो.

ब्लॉकच्या बाबतीत एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. एकच लन तीन होस्टना दिसतं, म्हणून तिघांनी ते कसंही वापरावं असं नाही. एक्सटी४ किंवा एक्सएफएस या नेहमीच्या फाइल सिस्टिम एका वेळी एकाच मालकाच्या असतात. पतसंस्थेतल्या दोन कारकुनांनी एकाच खतावणीची आपापली नक्कल काढून दिवसभर नोंदी केल्या आणि संध्याकाळी दोघांनी ती मूळ वहीवर उतरवली, तर नंतरचा आधीच्याच्या नोंदी खोडणार. दोन होस्टनी एकच एक्सटी४ एकाच वेळी माउंट केली की हेच होतं. प्रत्येकाच्या मेमरीत डिस्कचं आपापलं चित्र असतं आणि दुसऱ्याने काय लिहिलं याचा त्याला पत्ता नसतो. तासाभरात फाइल सिस्टिम मोडते.

व्हीएमवेअरची व्हीएमएफएस याच कारणासाठी वेगळी आहे. कुठली फाइल कुठल्या होस्टच्या ताब्यात आहे, याचं कुलूप ती लनवरच लिहून ठेवते. प्रॉक्समॉक्समध्ये बहुधा लनवर साधं एलव्हीएम, म्हणजे डिस्कचे भाग पाडणारी लिनक्सची सोय, बसवतात. प्रत्येक व्हीएमच्या डिस्कला स्वतंत्र लॉजिकल व्हॉल्यूम मिळतो आणि कुठला व्हॉल्यूम कुठल्या नोडने (प्रॉक्समॉक्समध्ये होस्टला नोड म्हणतात) उघडायचा हे क्लस्टर ठरवतं. यातून दोन बंधनं येतात. एलव्हीएम-थिन (लागेल तशी जागा देणारा प्रकार) नोडनोडमध्ये वाटून वापरता येत नाही, साधं एलव्हीएमच लागतं. आणि क्लस्टरबाहेरच्या सर्व्हरला, उदाहरणार्थ बॅकअपच्या मशीनला, त्या लनवर लिहायची मोकळीक द्यायची नाही, कारण क्लस्टरची कुलपं त्याला माहीतच नसतात.

सिस्टिम चढवताना केबल काढलेल्याच बऱ्या

पहिला धोका स्टोरेज जोडण्याच्याही आधीचा आहे. फायबर चॅनलची केबल लावलेली असेल आणि स्टोरेजवर त्या कार्डाला परवानगी देऊन ठेवलेली असेल, तर इन्स्टॉलर डिस्कच्या यादीत सर्व्हरच्या स्वतःच्या एसएसडीबरोबर ते मोठं लनही दाखवतो. घाईत तेच निवडलं गेलं की त्याचं पार्टिशन टेबल पुसलं जातं. म्हणून सिस्टिम चढेपर्यंत स्टोरेजच्या केबल काढलेल्या ठेवा. आणि या कामाला हात घालण्यापूर्वी बॅकअप वेगळ्या पेटीवर आहे ना, त्यातली एखादी व्हीएम खरोखर परत उभी राहते ना, हे करून बघा. त्याच स्टोरेजवर ठेवलेला बॅकअप बॅकअप म्हणून धरायचा नाही.

होस्टची ओळख आणि स्टोरेजची परवानगी

आयस्कझीत मागणाऱ्याला इनिशिएटर आणि देणाऱ्याला टार्गेट म्हणतात. प्रत्येक होस्टचं एक आयक्यूएन, म्हणजे आयस्कझीतलं ओळखनाव, असतं. डेबियनवर, म्हणून प्रॉक्समॉक्सवरही, ते ‘आयक्यूएन.१९९३-०८.ओआरजी.डेबियन:०१:’ असं सुरू होतं आणि शेवटी त्या मशीनपुरते आकडे-अक्षरं येतात. ईएसएक्सआयवर, म्हणजे व्हीएमवेअरच्या होस्टवरच्या सिस्टिमवर, ‘आयक्यूएन.१९९८-०१.कॉम.व्हीएमवेअर:’ अशी सुरुवात असते. मधलं वर्ष-महिना म्हणजे नाव देणाऱ्या संस्थेकडे ते डोमेन होतं तो काळ; तुमच्या सर्व्हरच्या तारखेशी त्याचा संबंध नाही. फायबर चॅनलमध्ये आयक्यूएनच्या जागी कार्डाच्या प्रत्येक पोर्टचा सोळा अंकी डब्ल्यूडब्ल्यूपीएन असतो, आणि स्टोरेजच्या परवानगीखेरीज एफसी (फायबर चॅनल) स्विचवर झोनही, म्हणजे कुठला पोर्ट कुठल्याशी बोलेल याची नोंदही, करावा लागतो. एका झोनमध्ये होस्टचा एकच पोर्ट ठेवा. झोन नुसता सेव्ह करून भागत नाही, बदललेला झोनसेट अ‍ॅक्टिव्हेट करावा लागतो. झोन केलाय पण दिसत नाही, अशा तक्रारीत पहिल्यांदा हेच तपासा.

इथे एक चूक फार त्रास देते. तिसरा सर्व्हर लवकर उभा राहावा म्हणून जुन्या होस्टच्या सिस्टिम डिस्कची क्लोन प्रत काढून नव्यावर टाकली जाते. मग दोन्ही होस्टचं आयक्यूएन एकच होतं. स्टोरेजच्या दृष्टीने एकच होस्ट दोनदा लॉगिन करतोय, म्हणून ते जुनं सत्र तोडून नवं घेतं, जुना होस्ट परत लॉगिन करतो आणि नवा तुटतो. दोन्हीकडे स्टोरेज सेकंदासेकंदाला येतं-जातं, आणि दोष स्विचला दिला जातो. नव्या होस्टवर सिस्टिम कोरीच चढवा. क्लोन केलीच असेल, तर इनिशिएटरच्या नावाची फाइल उघडून तिथे नवं आयक्यूएन तयार करा आणि मगच केबल लावा.

आता स्टोरेजच्या स्क्रीनवर जा. नव्या होस्टची नोंद करा, त्याचं आयक्यूएन टंकू नका, कॉपी करून चिकटवा, आणि बाकीचे दोन होस्ट ज्या होस्ट ग्रुपमध्ये आहेत त्यात याला घाला. ग्रुपमुळे लन आपोआप त्याच क्रमांकाने मॅप होतं. एकेक लन हाताने मॅप करावं लागत असेल, तर तिन्ही होस्टवर लनचा क्रमांक एकच ठेवा. चॅप (लॉगिनच्या वेळी ओळख पटवायची पद्धत) वापरत असाल तर नाव आणि गुप्त शब्द दोन्ही नव्या होस्टवर द्यावे लागतात. लिनक्सवर लॉगिन करताना एरर २४ आला, तर ती परवानगीची अडचण आहे: आयक्यूएन चुकलं किंवा चॅप चुकलं. एरर ८ आला तर वेळ संपला, म्हणजे पॅकेट पोहोचतच नाही. मग व्हीलॅन (स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क), आयपी आणि ३२६० हा पोर्ट बघा. हा फरक माहीत असला की निम्मा शोध वाचतो.

नेटवर्क: छोटी पॅकेट जातात, मोठी अडतात

स्टोरेजचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवायचं. नीट मांडणीत दोन स्विच असतात आणि प्रत्येकावर स्वतंत्र सबनेट, समजा १०.१०.१०.०/२४ आणि १०.१०.२०.०/२४. नव्या होस्टचा एक दहा गिगाबिट पोर्ट पहिल्या स्विचला, दुसरा दुसऱ्याला. आयस्कझीसाठी या दोन पोर्टचा बॉण्ड करू नका, म्हणजे ते जोडून एक करू नका. दोन वाटा सांभाळायचं काम मल्टिपाथ या सॉफ्टवेअरचं आहे. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीला मात्र बॉण्डच लागतो, कारण तिथे एका माउंटची वाहतूक साधारणपणे एकाच जोडणीतून जाते. ईएसएक्सआयवर दोन सबनेट वेगळे असतील तर पोर्ट बाइंडिंग करायचं नाही. ती सोय एकाच सबनेटमध्ये अनेक पोर्ट असतील तेव्हासाठी आहे.

एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारावर, जरा थांबू, कारण नव्या होस्टच्या बाबतीत सगळ्यात फसवं दुखणं हेच. जुन्या होस्टवर, स्विचवर आणि स्टोरेजवर जंबो फ्रेम म्हणजे ९००० एमटीयू ठेवलेलं असतं. नवा होस्ट १५०० वर राहिला, तर टीसीपी लहान पॅकेटवर जमवून घेतं आणि काम हळू का होईना चालतं. उलट होस्टवर ९००० आहे आणि नव्या केबलसाठी वापरलेला स्विच पोर्ट १५०० वरच आहे, असं झालं की गंमत बाजूला राहते आणि दिवस जातो. पिंग जातो. टार्गेट सापडतं. लॉगिन होतं. लनसुद्धा दिसतं. हे सगळं छोट्या पॅकेटवर होतं. खरा डेटा वाचायला सुरुवात केली की मोठी फ्रेम स्विचवर गुपचूप टाकली जाते आणि होस्ट थिजतो. नुसत्या साध्या पिंगवर विश्वास टाकू नका. तुकडे न करण्याची अट घालून ८९७२ बाइटचा पिंग करा. ९००० मधून आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा केले की ८९७२ उरतात. ईएसएक्सआयवर हे काम व्हीएमके-पिंगने होतं. दोन्ही सबनेटवर, स्टोरेजच्या प्रत्येक पोर्टला तो गेला पाहिजे. लिनक्सवर एमटीयू फिजिकल कार्डावर आणि त्यावरच्या व्हीलॅनवर, दोन्हीकडे द्यावा लागतो. एकीकडे राहून जातो.

मल्टिपाथ: एकच लन चार वेळा दिसतं तेव्हा

दोन कंट्रोलरच्या स्टोरेजमध्ये प्रत्येक कंट्रोलरचा एक पोर्ट पहिल्या सबनेटवर आणि एक दुसऱ्यावर असतो. होस्टचे दोन पोर्ट, प्रत्येकातून दोन कंट्रोलर, म्हणजे एका लनपर्यंत चार वाटा. मल्टिपाथ बसवलेला नसेल तर लिनक्सला चार वेगळ्या डिस्क दिसतात: एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई. एलव्हीएम ‘डुप्लिकेट पीव्ही’, म्हणजे एकच डिस्क अनेकदा दिसतेय, अशी कुरकुर करतं. ती इशारा म्हणून घ्या, दाबून टाकू नका.

प्रॉक्समॉक्सवर मल्टिपाथ-टूल्स हे पॅकेज वेगळं बसवावं लागतं. जुन्या होस्टवर ते आहे म्हणून नव्यावर आपोआप येत नाही. कॉन्फिग फाइल जुन्या होस्टवरून आणा, लनचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी (कायमचा ओळखक्रमांक) नोंदवा, आणि नव्या सर्व्हरची स्वतःची डिस्क मल्टिपाथच्या तावडीत जात नाही ना ते बघा. जात असेल तर ती ब्लॅकलिस्टमध्ये घाला. मग मल्टिपाथची पूर्ण यादी काढा. एका डब्ल्यूडब्ल्यूआयडीखाली चार वाटा हव्यात. त्यातल्या दोन जास्त प्राधान्याच्या आणि दोन कमी दिसल्या तर घाबरू नका. लन ज्या कंट्रोलरच्या मालकीचं आहे त्याच्या वाटा जवळच्या, दुसऱ्याच्या लांबच्या. चारांऐवजी तीनच दिसल्या, तर मात्र आजच शोधा. तीन वाटांवरही सगळं सुरळीत चालतं, म्हणूनच चौथी महिनोनमहिने कुणाच्या लक्षात येत नाही.

डिस्क ओळखताना एसडीबीसारख्या नावावर कधीही जाऊ नका. एका होस्टवरची एसडीबी दुसऱ्यावर एसडीसी असू शकते. लनची खरी ओळख म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूआयडी. तो जुन्या आणि नव्या होस्टवर शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर पडताळा.

शिवाय एक वेळमर्यादा बदलायची आहे. आयस्कझीची वाट तुटल्यावर चूक वर कळवण्याआधी लिनक्स १२० सेकंद वाट बघतं. मल्टिपाथ असताना एवढं थांबायचं कारण नाही, दुसरी वाट तयारच असते. ही मर्यादा १५ सेकंदांवर आणतात. बदल टार्गेट शोधण्याच्या आधी करा, नाहीतर आधीच्या नोंदींवर जुनाच आकडा राहतो. टार्गेटच्या नोंदीत स्टार्टअप ‘ऑटोमॅटिक’ आहे ना हेही त्याच वेळी बघून घ्या.

क्लस्टरमध्ये घेताना

प्रॉक्समॉक्समध्ये स्टोरेजची व्याख्या क्लस्टरच्या सामायिक फाइलमध्ये असते. नवा नोड सामील झाला की ती त्याच्याकडे आपोआप येते, आणि त्याची स्वतःची आधीची कॉन्फिग पुसली जाते. म्हणून सामील होणाऱ्या नोडवर एकही व्हीएम नसावी लागते. व्याख्या येते, पण वाट येत नाही. आयक्यूएनची परवानगी, मल्टिपाथ, एमटीयू हे सगळं प्रत्येक नोडवर आपल्यालाच करावं लागतं. ते आधी करून, लन आणि त्यावरचा व्हॉल्यूम ग्रुप (व्हीजी) नव्या मशीनला नीट दिसल्यावरच क्लस्टरमध्ये घ्या. पीव्ही किंवा व्हीजी पुन्हा तयार करायचा नाही. तो पहिल्या नोडवर एकदाच झालेला आहे, इथे फक्त दिसला पाहिजे.

सामील झाल्यावरही नव्या नोडवर स्टोरेज यादीत नसेल, तर त्या स्टोरेजच्या सेटिंगमध्ये नोडची मर्यादा बघा. तिथे जुन्या दोघांचीच नावं असतील तर तिसरं घाला. ‘शेअर्ड’ची खूण करून काम होईल असं काहींना वाटतं. ती खूण फक्त क्लस्टरला सांगते की हे स्टोरेज सगळीकडे एकच आहे. प्रत्येक नोडच्या आतल्या डिस्कवर ती खूण केली, तर क्लस्टर डिस्क न हलवताच व्हीएम हलवायला जातं आणि व्हीएम उघडी पडते.

दोन नोडच्या क्लस्टरला मताधिक्यासाठी क्यूडिव्हाइस, म्हणजे जास्तीचं मत देणारं बाहेरचं मशीन, जोडलेलं असेल, तर तिसरा नोड घेण्यापूर्वी ते काढा. तिघांत दोन मतं पुरतात. कोरोसिंकचं, म्हणजे नोडांच्या आपसातल्या निरोपांचं, नेटवर्क मात्र स्टोरेजच्या तारेवर टाकू नका. बॅकअपच्या वेळी ती तार भरली की कोरोसिंकचे निरोप उशिरा पोहोचतात, नोडला वाटतं आपण एकटे पडलो, आणि एचए (बंद पडलेल्या नोडच्या व्हीएम दुसरीकडे उभ्या करणारी सोय) चालू असेल तर तो स्वतःला रीबूट करतो.

व्हीएमवेअरमध्ये नव्या होस्टला आधी मेंटेनन्स मोडमध्ये ठेवा, म्हणजे डीआरएस (व्हीएम होस्टमध्ये आपोआप वाटणारी सोय) अर्धवट तयारीत त्यावर व्हीएम ढकलणार नाही. टार्गेटचा पत्ता दिल्यावर ‘रीस्कॅन स्टोरेज’ करा. नवी डिव्हाइस आणि नवे व्हीएमएफएस व्हॉल्यूम या दोन्ही खुणा राहू द्या. डेटास्टोअर आपणहून, जुन्याच नावाने वर येतं. तसं न होता ‘जुनी सही ठेवा, नवी सही द्या, की फॉरमॅट करा’ असं विचारलं गेलं, तर होस्टला हे लन मूळ वाटत नाहीये. बहुतेक वेळा स्टोरेजवर मूळ लनऐवजी त्याची स्नॅपशॉट प्रत मॅप झालेली असते. कॅन्सल करा आणि मॅपिंग तपासा. जुनी व्हीएमएफएस ६ असेल आणि नव्या होस्टवर ६.५ च्या आधीचं ईएसएक्सआय असेल, तर डेटास्टोअर दिसणारच नाही. ती आवृत्ती ६.५ पासूनच आली.

एनएफएसचं काम थोडक्यात होतं, पण तीन जागा सांभाळा. एक्स्पोर्टच्या यादीत नव्या होस्टचा स्टोरेज नेटवर्कवरचा आयपी घाला, ऑफिस नेटवर्कवरचा नव्हे. रूटला लिहायची परवानगी द्या, म्हणजे नो-रूट-स्क्वॉश. नाहीतर माउंट होतं, फाइली दिसतात, पण व्हीएम सुरू करताना परवानगी नाकारली जाते. आणि व्हीएमवेअरमध्ये सर्व्हरचं नाव व पाथ तिन्ही होस्टवर अगदी एकसारखा द्या. एका होस्टवर आयपी आणि दुसऱ्यावर नाव दिलं, किंवा शेवटी एक तिरपी रेघ जास्त पडली, तर व्हीसेंटर (सगळे होस्ट एकत्र सांभाळणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) त्याला वेगळं डेटास्टोअर समजतं. तोच शेअर एका होस्टवर आवृत्ती ३ ने आणि दुसऱ्यावर ४.१ ने कधीही माउंट करू नका. दोघांची कुलपं वेगळी, एकमेकांना न दिसणारी. दोन होस्ट एकच डिस्क उघडतील आणि ती खराब होईल.

तपासणी

एक बिनमहत्त्वाची व्हीएम नव्या होस्टवर हलवा. तिच्या आत सतत लिहिणारं काहीतरी चालू ठेवा आणि पहिल्या स्विचची केबल ओढा. लिहिणं काही सेकंद अडून पुढे चाललं पाहिजे. केबल परत लावा, चारही वाटा परत येईपर्यंत थांबा, आणि मगच दुसरी ओढा. हे ‘थांबा’ महत्त्वाचं आहे, कारण पहिल्या वाटा यायच्या आत दुसरी काढली तर स्टोरेज पूर्ण तुटतं. त्यानंतर होस्ट रीबूट करा आणि हात न लावता स्टोरेज परत येतं का ते बघा. हाताने केलेलं लॉगिन रीबूटनंतर टिकलं नाही, हे वीज गेल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. कारखान्याचं क्लस्टर असेल तर हे सगळं गळीत हंगामाच्या आधी उरका. हंगामात काटा थांबला की ऊसगाड्यांची रांग रस्त्यावर येते. एसएफपी मॉड्यूल (पोर्टमध्ये बसणारा, केबल जोडायचा तुकडा) आणि केबल एकेक जास्तीची जवळ ठेवा, बिघडल्यावर पुण्याहून मागवण्यात दिवस जातो.

संचालक मंडळाला एक गोष्ट खरेदीच्या आधीच सांगावी. तिसऱ्या होस्टने सीपीयू आणि रॅम वाढते, स्टोरेजचा वेग वाढत नाही. बारा एनएल-एसएएस (मोठ्या पण मंद) डिस्क, प्रत्येकी साधारण ७५ आयओपीएस (सेकंदाला वाचण्या-लिहिण्याची कामं), म्हणजे वाचायला ९००. रेड-६ मध्ये (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणारी मांडणी) प्रत्येक छोट्या लिखाणामागे डिस्कवर सहा कामं होतात, म्हणून लिहायला जेमतेम १५०. कॅश थोडं झाकून घेते, पण नव्या होस्टवर नव्या व्हीएम भरल्या की ताण याच डिस्कवर येतो आणि जुन्या व्हीएमही मंदावतात.

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि वीज गेली की आधी एसी बंद पडतो. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश हवेत. यंत्रमागाच्या शेडजवळच्या खोलीत सुताचे तंतू पंख्यात आणि जाळीत बसतात, तिथे जाळ्या जास्त वेळा झाडाव्या लागतात. नवा होस्ट आल्यावर यूपीएसवरचा भार वाढतो, तेव्हा बॅकअपची मिनिटं पुन्हा मोजा. बंद करताना आधी व्हीएम, मग होस्ट, शेवटी स्टोरेज आणि स्विच. चालू करताना याच्या उलट. वीज आल्यावर सगळं आपोआप सुरू होणार असेल, तर दोन कंट्रोलरचं स्टोरेज उभं राहायला कित्येक मिनिटं घेतं आणि होस्ट त्याच्या आधी तयार होऊन रिकाम्या टार्गेटवर टकटक करत बसतो. बायोसमध्ये नव्या होस्टला वीज आल्यानंतर उशिरा सुरू होण्याची सोय असेल तर ती वापरा, आणि प्रॉक्समॉक्समध्ये नोडच्या पर्यायांत व्हीएम सुरू करण्याआधीचा विलंब द्या. किती द्यायचा, हे स्टोरेज एकदा पूर्ण बंद करून, लन दिसेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजूनच ठरवा.